येऊ नकोस

सकाळची धार अर्धी झाली होती, तेव्हा अंगणात ऑफिसच्या बाईंचा आवाज आला. बारकी बांडी गाईच्या पोटाला डोकं टेकवून बसली होती. आवाज ओळखला आणि तिची बोटं सडांवर तशीच थांबली.

बारकी हे नाव ती या घरात आली तेव्हा पडलं. नऊ वर्षांची होती, दिसायला सहाची. आता ती मावशीपेक्षा वीतभर उंच झाली होती, खांद्यावर वैरणीचा भारा एकटी उचलायची, पण नाव तेच राहिलं. मावशी तिची सख्खी मावशी नव्हती आणि आप्पाही कुणी नव्हते. ज्यांना कुणी नाही अशा मुलांना चांगल्या घरात ठेवणारं एक सरकारी ऑफिस होतं. त्या ऑफिसने तिला या गोठ्याच्या घरात आणून सोडलं. "मावशी म्हण, आप्पा म्हण," असं त्या दिवशी बाईंनी सांगितलं होतं. तिने म्हटलं. म्हणता म्हणता ते तोंडात बसलं.

"अठरा पूर्ण झाली की आमच्याकडून पैसे, सगळंच बंद होतं," बाई अंगणात सांगत होत्या. "नियमच आहे तो. पण हिला लॅबच्या कोर्सला प्रवेश मिळाला, हॉस्टेल मिळालं, फार छान झालं हो. नाहीतर अशा मुलांचं पुढे..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "आणि मावशी, एक लहान मुलगी आहे. फार घाबरलेली आहे. आता तुमच्याकडे जागा होईल ना?"

अंगण झाडायचा आवाज थांबला.

"होईल," मावशी म्हणाली.

खराटा पुन्हा सुरू झाला.

बारकीने सड दाबले. दूध येईना. तिने कास चोळली, बांडीच्या पाठीवर थाप मारली, जिभेने चुचकारलं. बांडीने पाय झाडला आणि बादली कलंडता कलंडता राहिली. आप्पा पाट्या घेऊन आत आले.

"काय गं, आटली का?"

"चोरतेय पान्हा."

"ती नाही चोरत. तू घाबरलीयस, तुझे हात गार पडलेत. ऊठ."

ती उठली. आप्पा बसले आणि क्षणात बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. गाईने मान वळवून बारकीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती हात ओढणीत गुंडाळून उभी राहिली. खरंच गार पडले होते.

त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत ती नीट जेवली नाही. काम मात्र दुप्पट केलं. गव्हाणी खरवडून काढल्या, शेणाचा खड्डा उपसला, दुधाचे कॅन इतके घासले की आप्पा म्हणाले, "अगं, भोक पाडशील." तिला वाटत होतं, कामाला इतकी चांगली मुलगी कोण जाऊ देईल? पण कुणी थांब म्हटलं नाही. मावशीने एक पत्र्याची पेटी धुऊन उन्हात ठेवली आणि तिचे कपडे त्यात घड्या करून भरायला लागली.

*

हॉस्टेलला दोघी बसने गेल्या. निघण्याआधी मावशीने पुन्हा पुन्हा साबणाने हात धुतले होते, तरी बसमध्ये शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला. मावशीने हात मांडीखाली घेतले आणि उतरेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

खिडकीपाशी मोठी रांग होती. मुली, त्यांच्या आया, बाप, कुणाचे काका. खिडकीआडचा कारकून मान वर न करता बोलत होता.

"पालकांची सही. नातं काय?"

मावशीने पेन हातात घेतलं. "घरची आहे मी."

"घरची म्हणजे? आई?"

"नाही."

"मग मावशी? ही मघाशी मावशी म्हणाली."

"म्हणते ती."

"म्हणते म्हणजे काय बाई? सख्खी, चुलत, काही असेल ना?"

मागे कुणीतरी हसलं. मावशीच्या मानेपर्यंत रक्त चढलेलं बारकीला दिसलं. कारकून काही वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त जेवायला जायचं होतं. "मला इथे एक शब्द लिहावा लागतो हो," तो म्हणाला. "काय लिहू?"

"परिचित लिहा," बारकी पटकन म्हणाली.

त्याने लिहिलं. मावशीने खाली सही केली, एकेक अक्षर दाबून. मग पेटीची एक कडी तिने धरली, दुसरी बारकीने, आणि दोघी जिना चढल्या.

वर खोलीत तिने गादी उलटीपालटी करून पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी लागते का बघितली. बिजागरी ढिली होती. तिने कमरेच्या किल्लीने स्क्रू पिळला. मग काही करायचं उरलं नाही.

"जाते. धारेची वेळ होईल."

"हं."

बारकी खिडकीत उभी राहिली. मावशी फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला, आलेली बस हात करून थांबवली आणि चढली. मागे वळून बघेल म्हणून बारकी गज धरून उभी होती. मावशीने पाहिलं नाही.

*

खोलीत दुसरी एक मुलगी होती, जाड भिंगांच्या चष्म्याची. सगळ्या तिला चष्मिस म्हणायच्या आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिची आई दिवसातून कितीतरी वेळा फोन करायची. भाजी कुठली होती, केस धुतलेस का, पंखा जोरात लावू नकोस. चष्मिस वैतागून फोन उशीखाली ठेवायची आणि उशीतून आई बोलतच राहायची.

बारकीला आप्पांचा फोन आठवड्याने यायचा. ते फोनवर ओरडून बोलायचे, जणू मधलं अंतर आवाजानेच कापायचं होतं. "बरी आहेस ना? जेवतेस ना? बरं. ठेवतो." मावशी कधी बोलायची नाही. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज यायचा, ती तीच असणार.

झोप लागायची नाही. घरी भिंतीपलीकडे गाई रवंथ करायच्या, श्वास सोडायच्या, साखळी वाजायची. इथे नळ ठिबकायचा आणि जिन्यात कुणाचीतरी पावलं वाजायची. पावलं दाराशी येईपर्यंत ती ताठ पडून राहायची. कुणीतरी येऊन म्हणेल, चूक झाली, ही जागा तुझी नाही, असं तिला रोज वाटायचं. पेटीतले कपडे तिने कपाटात लावलेच नव्हते.

वर्गात एकमेकींचं रक्त काढायला शिकवत. चष्मिसने तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि बारकी गपकन खाली बसली. घोळका झाला. "रक्ताला भितेस आणि लॅबच्या कोर्सला आलीस?" कुणीतरी म्हणालं. तिला रक्ताची भीती नव्हती. वासरू अडलं की कोपरापर्यंत हात घातलेली मुलगी ती. पण आदल्या तासाला सरांनी सांगितलं होतं, प्रत्येकीने आपल्या घरात कुणाला काय आजार आहेत ते सांगा, आईकडचे, वडिलांकडचे. रक्तात काय काय उतरतं ते आपण बघू. सगळ्या मुली आपापल्या आज्यांची साखर आणि मामांचा रक्तदाब सांगत होत्या. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "सगळे ठणठणीत." आणि बसली. आपल्या अंगात कुणाचं काय उतरलं आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही, हे तिच्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. पट्टा आवळला, शीर टरारून वर आली, आणि ती त्या शिरेकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

परीक्षेच्या सुमाराला आप्पांचा फोन आला. या वेळी ते ओरडले नाहीत, म्हणूनच ती घाबरली.

"पलीकडच्या वस्तीवर लाळ-खुरकूत आलीय."

"आपल्याकडे?"

"नाही अजून. ठेवतो."

पुढचा फोन लवकर आला. "आलीय. चौघींना ताप आहे. लाळ गळतेय, खुरांत फोड आहेत. डॉक्टरांनी फाटकाला दोरी बांधलीय, येणं-जाणं बंद. दूधवालाही घेत नाही. तू येऊ नकोस. ऐकलंस? येऊ नकोस आता."

मागे एक लहान पोर रडत होतं. बारकीने फोन कानाला घट्ट दाबला.

"कोण रडतंय आप्पा?"

"अं? ती लहानगी. आली ती मागे. बरं, ठेवतो, बांडी खाली बसलीय."

फोन बंद झाला तरी तिने कानापासून काढला नाही. येऊ नकोस. दोनदा सांगितलं. लहानगी आली. कुठल्या पलंगावर झोपते, हे विचारायची गरज नव्हती. घरात तेवढा एकच पलंग जास्तीचा होता.

*

परीक्षा संपली त्या दिवशी रेक्टर बाई जेवणघरात येऊन म्हणाल्या, "उद्या दुपारी मेन दाराला कुलूप लागेल. पाणी, लाईट बंद. टाक्यांचं काम आहे. सुट्टी संपल्यावर भेटू. सगळ्या जाणार ना घरी?"

"हो," सगळ्या म्हणाल्या. बारकीही म्हणाली.

हॉस्टेल बंद होतं हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटलं होतं, जागा दिली म्हणजे दिली.

चष्मिस पिशवी भरताना म्हणाली, "आमच्याकडे येतेस? आई डोकं खाईल, पण जेवायला घालेल."

"नको. आमच्याकडे वाट बघतायत."

सकाळी तिने ऑफिसच्या बाईंना फोन लावला. बाई चांगल्याच होत्या, नेहमीसारख्याच. "अगं बाळा, तुझी फाईल बंद झालीय ना आता. मी बघते हं. साहेब रजेवर आहेत. सोमवारी बोलू?" तो शुक्रवार होता.

दुपारी कुलूप लागलं. पेटी आतच राहिली. ती पाठीला पिशवी लावून फाटकाबाहेर उभी राहिली आणि एकेक रिक्षा जाताना बघत होती. शेवटची मुलगी गेल्यावर पहारेकरी म्हणाला, "तुझं कोण येतंय?" "येतायत," असं म्हणून ती चालायला लागली.

कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पाय कॉलेजशेजारच्या मोठ्या दवाखान्याकडे वळले. तिथल्या बाहेरच्या हॉलमध्ये लांब बाकं होती, पंखा होता, प्यायचं पाणी होतं, आणि पेशंटचे नातेवाईक दिवसचे दिवस तिथे बसून असत. ती एका बाकाच्या कोपऱ्यात बसली. आपण इथे सुट्टीभर बसू शकतो का, असा विचार तिने अगदी गंभीरपणे केला. कपडे नळावर धुता येतील. कुणी विचारलं तर सांगता येईल.

दवाखान्याच्या पहारेकऱ्याने विचारलंच. "पेशंट कोण तुझा?"

"मावशी."

"काय झालंय?"

तिला पटकन सुचेना. "ताप आहे. तोंडात फोड आलेत. काही खात नाही. पायावर उभी राहत नाही."

"अरेरे," तो म्हणाला. "होईल बरी." आणि पुढे गेला.

पण ते बोलणं शेजारच्या बाकावरच्या माणसाने ऐकलं होतं. तो सरकत जवळ आला. चांगले कपडे होते, केस विंचरलेले. "एकटीच आहेस का मावशीजवळ?"

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"वॉर्डात रात्री राहू देत नाहीत. तू कुठे थांबणार?"

"आहे आमचं."

"नाही, बऱ्याच वेळापासून बघतोय. तू वॉर्डात एकदाही गेली नाहीस." तो अगदी हळू, मायेने बोलत होता. "घरातून निघून आलीस ना? घाबरू नकोस. माझ्या ओळखीची खोली आहे. बायका असतात तिथे. चहा घेतेस?"

तिचे दात एकमेकांवर आपटायला लागले. ते थांबवायला तिने जबडा आवळला. पहारेकरी लांब दाराशी कुणाशी वाद घालत होता. त्याला हाक मारली तर तो विचारणार, तुझी मावशी कुठल्या वॉर्डात? ती उठली. माणूसही उठला. ती चालायला लागली तसा तोही चालायला लागला, घाईने नाही, बरोबरीने, जणू एकत्रच आले होते. "पिशवी दे, जड असेल," असं म्हणून त्याने हात लावला. पिशवीचा पट्टा ताणला गेला.

तिने पिशवीला हिसका दिला आणि पळत सुटली. हॉलमधली माणसं बघत राहिली. फाटकाबाहेर, गाड्यांमधून, रस्त्यापलीकडे. चौकात एक बस वळत होती. पाटी नीट वाचायलाही वेळ नव्हता, पण खालची ओळ ओळखीची होती. तिने दांडा धरला, एक पाय फरफटला, कंडक्टरने दंडाला धरून आत ओढलं.

"मरायचंय का गं?"

तिने काचेतून मागे पाहिलं. तो फुटपाथवर उभा होता. त्याने हात हलवला, ओळखीच्याला निरोप द्यावा तसा.

कंडक्टरने विचारलं, "कुठे?" तेव्हा तिने गावाचं नाव सांगितलं. दुसरं कुठलं तिला येतच नव्हतं.

*

उतरली तेव्हा ऊन कलत होतं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. गोठ्याच्या फाटकाला दोरी बांधली होती, दोरीखाली गोणपाटं अंथरून सोड्याचं पाणी ओतलं होतं. आतून गाईंचं कण्हणं ऐकू येत होतं. गाई कण्हतात हे तिला माहीत होतं, इतक्या एकदम कण्हताना तिने ऐकल्या नव्हत्या.

"थांब! तिथेच थांब!"

आप्पा गोठ्यातून पळत आले. दाढी वाढलेली, गमबुटांना चिखल. ती थांबली. तिने पिशवी पुढे धरली.

"येऊ नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"हॉस्टेल बंद झालं."

"बंद झालं म्हणजे?"

"सुट्टीत बंद असतं. कुलूप लावतात."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. "कुलूप? मग मुली कुठे जातात?"

"घरी."

"आणि तू?"

"मी कुठे जाऊ, आप्पा?" तिचा आवाज फाटला. "मी कुठे जायचं ते सांगा ना!"

आप्पांचं तोंड थोडं उघडं राहिलं. हॉस्टेलला कुलूप लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते शाळा सोडून गोठ्यात आलेले, गोठ्याला कधी सुट्टी नसते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"चपला काढ," ते म्हणाले. "त्या पाण्यात उभी राहा. पावलं चांगली भिजू दे. मग ये आत."

मावशी ओट्यावर आली. हाताला कोपरापर्यंत औषधाचा जांभळा डाग. तिने बारकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पायावर नजर थांबली. बसमागे फरफटलेल्या पायाचं नख उखडलं होतं. बारकीला ते आता दिसलं.

"कुणी केलं हे?"

"पडले."

मावशीने तिला ओट्यावर बसवलं, पाय मांडीवर घेतला, गाईंसाठी केलेल्या औषधाच्या पाण्यातच फडकं बुडवून जखम धुतली. झोंबलं. आणि बारकी एकदम सगळं बोलली: दवाखाना, बाक, तो माणूस, पिशवीचा पट्टा. मावशीचं फडकं थांबलं. तिने पाय घट्ट धरला, इतका की दुखलं.

दारातून एक लहान मुलगी बघत होती. तिच्या अंगात बारकीचा जुना स्वेटर होता.

*

रात्री मावशीने आपल्या अंथरुणाशेजारी दुसरं अंथरूण घातलं. पलंगाविषयी कुणी बोललं नाही. सकाळी उठल्यापासून बोलायला वेळही नव्हता.

गाईच्या तोंडात हात घालायचा, जीभ बाजूला ओढायची, औषधाच्या गुलाबी पाण्याने धुवायची. जिभेची साल हातात निघून यायची, ओल्या कागदासारखी. मग खुरं. फटीत फडकं घालून पुसायचं, मलम भरायचं. गाई लाथा झाडायच्या नाहीत, तेवढं त्राणच नव्हतं. वैरण चावता येत नव्हती म्हणून कोंड्याची पातळ पेज करून हाताने भरवायची. बारकीच्या कोपरापर्यंत लाळ सुकून कातडी ताणायची. पाठ मोडून यायची. पण दात वाजत नव्हते. इथे कशाला काय म्हणतात ते तिला माहीत होतं.

वासरांचं सगळ्यात वाईट. मोठ्या गाई झुंजतात, वासरं सांगून जात नाहीत. बांडीचं वासरू दुपारी बाटलीला तोंड लावून पीत होतं, शेपटी हलवत होतं, आणि पिता पिता पुढच्या गुडघ्यांवर बसलं. बारकीला वाटलं, दमलं. तिने मान उचलली तर डोळे तसेच उघडे. बाटलीतलं दूध त्याच्या ओठावरून खाली ओघळत राहिलं.

आप्पांनी खड्डा खणला. त्यांना कुदळ पेलत नव्हती, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी ते गव्हाणीच्या कडेला बसून राहिले. पुढचं त्यांनाही दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने आप्पांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. बघून तिला वाटलं, आता आपण जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन घासताना ती मावशीला म्हणाली, "मी परत नाही जात कॉलेजला."

मावशी घासत राहिली. "का?"

"इथे हात लागतात."

"लागतात, ते खरं."

"मग?"

"मग काय. जायचं."

बारकीला त्या सकाळचं 'होईल' आठवलं. या वेळी तिने ते गिळलं नाही. "जागा पाहिजे म्हणून? ती आली म्हणून? ऑफिसचे माझे पैसे बंद झाले म्हणून?"

मावशीने ब्रश फेकला. तो जाऊन भिंतीवर आपटला आणि कोंबड्या ओरडत पांगल्या.

"मला माहीत होतं तू ऐकत होतीस," ती म्हणाली. "मी 'होईल' म्हटलं, तेव्हा आत धारेचा आवाज बंद पडला होता."

"मग का म्हणालीस?"

"काय म्हणू? तुझ्या वेळीही मला असंच विचारलं होतं. ह्याच अंगणात. जागा होईल का म्हणून. तेव्हाही मी एवढंच म्हटलं होतं. मला जास्त बोलता येत नाही गं." ती खाली बसली, ओल्या फरशीवरच. "पलंग दिला तिला. ती भिंतीकडे तोंड करून झोपते, तू झोपायचीस तशी. तिला काय खाली झोपवू? तू काय पलंगासाठी येतेस का इथे?"

बारकीने हातातला कॅन खाली ठेवला.

"आणि भीती काय तुलाच वाटते? तिथे खिडकीपाशी परिचित म्हणालीस मला."

"तुझी फजिती होत होती म्हणून म्हटलं."

"माहीत आहे. तरी लागलं." मावशीने जांभळे हात पदराला पुसले, पुसून ते काही निघणारे नव्हते. "बसमध्ये बसले तेव्हा मागे बघणार होते. बघितलं असतं तर तुला उतरवून आणलं असतं. पेटीसकट. आप्पा म्हणाले होते, आणशील बरं का, तुझा भरवसा नाही. आता परवा ते फोनवर येऊ नको म्हणाले ते कशासाठी? आलीस की राहशील. राहिलीस की संपलं. तुझ्या हाताला शेणाचा वास आयुष्यभर. त्यांना तेवढीच भीती होती. हॉस्टेलला कुलूप लागतं हे आम्हाला कुठलं माहीत?"

"मला तिथे भीती वाटते, मावशी. रोज वाटते."

"वाटू दे. भीत भीत जा. पण जा. आणि कुलूप लागलं की इकडे यायचं. विचारायचं नाही. कुणी येऊ नको म्हटलं तरी यायचं. मी म्हटलं तरी."

संध्याकाळी आप्पांनी रेक्टर बाईंना फोन लावला. दोरीपाशी उभे राहून ओरडून बोलले, गाव ऐकत होतं. "अहो, आमची मुलगी तुमच्याकडे आहे. तुमचं कुलूप कधी लागतं, कधी निघतं, ते आधी आम्हाला कळवायचं. नाही, तिला नाही, आम्हाला. ती सांगत नाही. लिहून घ्या नंबर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी? मी आप्पा."

*

निघायच्या दिवशी बहुतेक गाई उभ्या राहिल्या होत्या. कपाळी तेवढी उठत नव्हती. ती गोठ्यातली सगळ्यात म्हातारी, कपाळावर पांढरा पट्टा. श्वास घेताना तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. बारकीने तिला पेज भरवली, अर्धी बाहेर आली. तिने पाय सोड्याच्या पाण्यात भिजवले, दोरी ओलांडली. लहानगी फाटकापर्यंत आली आणि उभी राहिली. बारकीने तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावून दिलं.

बसमध्ये पूर्ण वेळ तिने पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. स्टँडवर चांगल्या कपड्यांचा कुणीही माणूस दिसला की मान आखडायची. दवाखान्यासमोरून न जाता ती लांबच्या रस्त्याने हॉस्टेलला गेली. कुलूप निघालं होतं. जिना चढताना पावलं वाजली तशी ती दचकली. तिचीच होती.

चष्मिस पिशवीतून डबे काढत होती. "आलीस? कसं आहे घरी?"

"वासरं गेली," बारकी म्हणाली. "आप्पा नीट जेवत नाहीत. मावशीची पाठ धरलीय आणि ती औषध लावून घेत नाही." बोलत असताना तिने पेटी उघडली होती. तिने कपडे काढून पलंगावर ठेवले आणि कपाटातली फळी पुसायला फडकं शोधायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पांचा नंबर. आज त्यांचा दिवस नव्हता. तिचा हात पुढे होईना. तिसऱ्यांदा वाजल्यावर तिने उचलला.

"मी बोलतेय," मावशी म्हणाली.

मावशीचा आवाज तिने फोनवर कधी ऐकलाच नव्हता. बारीक येत होता, दुसऱ्याच कुणा बाईसारखा.

"कपाळी गेली. आत्ताच. आप्पा म्हणाले, नको सांगू, आज पोचलीय, अभ्यास आहे. पण मी म्हटलं, तिला सांगायचं."

बारकी पलंगावर कपड्यांच्या ढिगात बसली. तिला रडू आलं. पलीकडे मावशी नाक ओढत होती. त्या गाईला त्या दोघींनी मिळून किती वेळा धुतलं होतं, ते दोघींना सोडून कुणाला माहीत नव्हतं. चष्मिस हातातला डबा तसाच धरून उभी होती. खाली जेवणाची घंटा झाली.

"घंटा वाजली वाटतं तुमची," मावशी म्हणाली. "जा, जेव. ठेवू?"

"ठेवू नकोस अजून."

"बरं," मावशी म्हणाली. "नाही ठेवत."